मॅक पेनड्राइव्ह वाचतो, मग फाइल साठवत का नाही?

केडगावात विंडोजवर साठवलेले लग्नाचे शूटिंग एडिटिंगसाठी पुण्यातील मॅकवर नेले, की फाइल उघडते; पण त्याच पेनड्राइव्हवर बदल साठवता येत नाहीत. कारण मायक्रोसॉफ्टचा ‘एनटीएफएस’ फॉरमॅट मॅक सहसा फक्त वाचतो. जुना ‘फॅट३२’ सगळीकडे चालतो, मात्र ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसत नाही.

उपाय काय?
‘एक्सफॅट’. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा तांत्रिक तपशील खुला केला आणि लिनक्सनेही तो स्वीकारला. आता तो तिन्हींवर चालतो.

काळजी कोणती?
फॉरमॅट केल्यावर ड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते. ‘इजेक्ट’ न करता ड्राइव्ह ओढल्यास फाइल बिघडू शकते. लग्न पुन्हा लागत नाही. त्यामुळे आधी दुसरी प्रत काढावी.