काढ्याचे माप

दिवाळी तोंडावर आली की फराळाच्या आधी घरात भेटींच्या पेट्या येऊ लागतात. पूर्वी त्यांत सुका मेवा असे, फार तर एखादी अत्तराची कुपी. अलीकडे त्यांत एक नवा पाहुणा शिरला आहे. तपकिरी बाटली, तिच्यावर हिरवे पान आणि ‘प्रतिकारशक्तीवर्धक’ हा भारदस्त शब्द! यंदाही आमच्याकडे अशी एक बाटली आली. गुळवेल, अश्वगंधा, तुळस, ज्येष्ठमध असा सारा गोतावळा तिच्यात अर्करूपाने नांदत होता. मी ती हातात घेतली मात्र, मला नांदेडची अक्का आठवली. आणि अक्काबरोबर माझा गाढवपणाही.

गोष्ट २०२० सालची. कोरोनाने सगळ्यांना घरात कोंडले होते आणि घरोघर काढा उकळत होता. त्या वर्षीच्या मार्चअखेर आयुष मंत्रालयाने सल्ला दिला होता तो तसा साधाच. सकाळी दहा ग्रॅम च्यवनप्राश. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा. आणि कपभर दुधात अर्धा चमचा हळद. पण आपल्या लोकांना पाच जिनसांवर समाधान कुठले? शेजारणीने सहावी सांगितली, मावशींनी सातवी. अक्काने फोन केला, “तुमच्या लातुरात कडुनिंबावरची गुळवेल मिळते का रे? इकडं बाजारात ऐंशी जणांचे हात लागलेली येते.”

आमच्या घरामागच्या कडुनिंबावर ती वेल पूर्वीपासून चढलेली आहे. निंबावरची गुळवेल गुणाला अधिक, असे आपल्याकडे मानतात. ऑगस्टच्या वीस तारखेपासून एस. टी. पुन्हा जिल्ह्याबाहेर धावू लागली आणि सप्टेंबरात मी एक थैली भरून वेल घेऊन निघालो. अहमदपूरला शेजारी एक शेतकरी येऊन बसले. थैलीत डोकावून म्हणाले, “एवढी कशाला न्यायलाव, सायब? सगळ्या गावाला पाजायची हाय का?” मी हसलो. आता वाटते, त्या सबंध प्रकरणात मापाचा प्रश्न विचारणारा तो एकटाच शहाणा माणूस होता.

आमची आईही तापानंतर गुळवेलीचे सत्त्व देत असे. वेलीचे तुकडे ठेचायचे, रात्रभर पाण्यात ठेवायचे, कुस्करून गाळायचे, आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा. ते सत्त्व ती चिमटीने मोजून दुधातून देई, आणि तेही सातच दिवस. आठव्या दिवशी मागितले तरी मिळत नसे. अक्काने वेल तेवढी आठवणीत ठेवली आणि सात दिवस विसरली. वीतभर खोड ठेचून, उकळून, सकाळ-संध्याकाळ पेलाभर, असे सप्टेंबरपासून थेट संक्रांतीपर्यंत चालले. थैली रिकामी झाली की मी दुसरी पाठवी.

जानेवारीत भाचीचा फोन आला, “मामा, आईचे डोळे पिवळे दिसायलेत.”

दाजींनी तिला दवाखान्यात नेले. काविळीच्या नेहमीच्या विषाणूंचा तपासण्यांत पत्ता नव्हता. यकृताचे आकडे मात्र चढत चालले होते. डॉक्टरांनी विचारले, “दुसरं काही औषध घेता का?” अक्का म्हणाली, “थायरॉइडची गोळी तेवढी.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. ती खोटे बोलत नव्हती. काढा हे औषध आहे असे तिच्या मनातच नव्हते. चहाला कोणी औषध म्हणते का? भाचीने मात्र मला फोनवर हळूच विचारले, “मामा, काढ्याचं सांगायचं का?”

मी काय म्हणालो असेन? “छे! गुळवेलीनं कावीळ उतरते, चढते कुठं!”

वैद्यकात काविळीवर गुळवेल सांगितली आहे हे मी कुठेतरी वाचले होते, आणि तेवढ्या वाचनाच्या जोरावर मी माझ्या बहिणीच्या आजाराचे आणखी चार दिवस वाया घालवले. पाचव्या दिवशी भाचीने माझे न ऐकता डॉक्टरांना सगळे सांगितले. काढा बंद झाला, औषधे सुरू झाली. आकडे हळूहळू उतरू लागले. पूर्ण बरे व्हायला उन्हाळा उजाडला. “बहुधा गुळवेलच,” असे डॉक्टर म्हणाले. ‘बहुधा’ हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही, आणि मीही तो सोडत नाही.

पण पुढे २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी अशाच सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यानंतर देशातल्या निरनिराळ्या रुग्णालयांनी मिळून त्रेचाळीस रुग्णांची नोंद केली. अनेकांत एक विशेष दिसला : शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटली होती. काहींना आधीपासून थायरॉइडसारखे विकार होते. आयुष मंत्रालयाने यावर हरकत घेतली. गुळवेल सुरक्षित आहे. तिच्यासारखीच दिसणारी, खोडावर गाठीच गाठी असलेली दुसरी एक वेल लोकांनी चुकून घेतली असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे पडले. हा वाद पंडितांचा आहे. तुम्हाआम्हाला त्यातून दोन्ही बाजूंनी एकच धडा मिळतो : वेल ओळखणाऱ्याने ओळखावी, आणि घेणाऱ्याने विचारून घ्यावी.

‘प्रतिकारशक्ती वाढवणे’ हे शब्दच आपल्याला फसवतात. आपल्याला वाटते, ती दंडाच्या बेटकुळीसारखी आहे. जितकी फुगेल तितकी चांगली. प्रत्यक्षात ती गावच्या राखणदारासारखी असते. त्याला चोर ओळखता आला पाहिजे, आणि घरचा माणूसही. नुसतीच काठी जाड करून उपयोग नाही. अंधारात ती घरधन्याच्याच पाठीत बसायची. संधिवाताचा एक प्रकार, अंगावरचे कोड, लहान मुलांतला मधुमेह, पुष्कळांचा थायरॉइडचा विकार, हे सारे राखणदाराने घरच्यांवर काठी उगारल्याचेच प्रकार आहेत. अक्काचा थायरॉइड त्यांतलाच निघाला. ज्याचा राखणदार आधीच चिडका आहे, त्याला आणखी चेव आणणारी वस्तू देताना दहादा विचार करायला हवा. लस वेगळे काम करते. ती काठी जाड करत नाही, चोराचा चेहरा दाखवून ठेवते.

मग वनस्पती सगळ्या टाकाऊ का? मुळीच नाही. सिंकोनाच्या सालीतून १८२० मध्ये क्विनीन वेगळे काढले गेले आणि हिवतापावर माणसाच्या हाती शस्त्र आले. चीनमध्ये तू यूयू या बाईंनी दवण्याच्या जातीतल्या एका झुडपावर काम केले. नेहमीच्या रीतीने उष्णता देऊन काढलेल्या अर्कात गुण टिकत नव्हता. एका जुन्या चिनी ग्रंथात ते झुडूप थंड पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितले आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला आणि औषध हाती लागले. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वनस्पती तीच, अर्क काढण्याची रीत बदलली आणि गुण बदलला.

आपल्या वैद्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. स्वरस, कल्क, काढा, हिम आणि फांट, अशा पाच तऱ्हा त्यांनी वेगवेगळ्या सांगून ठेवल्या. ताजा पिळलेला रस तो स्वरस, वाटलेला गोळा तो कल्क, उकळून आटवला तो काढा, रात्रभर गार पाण्यात भिजवले ते हिम, आणि गरम पाण्यात चहासारखे मुरवले ते फांट. प्रत्येकाचे माप निराळे. काढाच आणखी आटवून घट्ट केला की त्याला ‘घन’ म्हणतात, आणि त्याची गोळी ती घनवटी. इवल्याशा गोळीत बरेच खोड दडलेले असते. आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये गुळवेलीची घनवटी सुचवली, तेव्हाही पाचशे मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस किंवा एक महिना, असे माप आणि मुदत घालूनच. आपण वनस्पतीचे नाव उचलले. माप आणि मुदत कागदावरच राहिली. नांदेडात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, शासकीय रसशाळाही आहे. रिक्षाने जाऊन विचारण्याइतके सगळे जवळ असताना अक्काने सल्ला घेतला तो लातूरच्या भावाचा, ज्याला वेल तोडण्यापलीकडे काही येत नव्हते.

लातूर-नांदेड रस्त्यावर चाकूरकडे आलात की जवळच वडवळ नागनाथचे बेट लागते. त्याला संजीवनी बेट म्हणतात. हनुमंत द्रोणागिरी घेऊन चालला असता त्याचा एक तुकडा इथे पडला, अशी आख्यायिका. उत्तरा नक्षत्रात दुरून लोक इथे येतात आणि झाडपाला चाखतात. लहानपणी वडिलांबरोबर मीही चाखला आहे. कडू, तुरट, मधूनच गोड. त्या वेळी वडिलांनी एक गोष्ट बजावली होती : ज्या पाल्याचे नाव सांगता येत नाही, तो तोंडात घालायचा नाही. आणि लोकही तिथे नक्षत्रापुरतेच येतात. झाडपाल्याची पोती बांधून वर्षभर पीत बसत नाहीत. श्रद्धेलासुद्धा तिथे मुदत आहे.

आता अक्का अगदी ठणठणीत आहे. तिच्या फडताळाच्या दाराला आतून एक वही टांगलेली असते. घरात येणारी प्रत्येक गोळी, पूड, बाटली तिच्यात तारखेसह लिहिली जाते. डॉक्टरकडे जाताना वही बरोबर. ज्यांना थायरॉइड, मधुमेह किंवा यकृताचा काही विकार आहे, ज्या बायका गरोदर आहेत, त्यांच्या घरी अशी वही असावी, असे मला फार वाटते. आणि डॉक्टरांनी “दुसरं काही घेता का?” असे विचारले, तर ‘काही’ या शब्दात आजीचा काढाही धरावा.

परवा फोनवर मी तिला पेटीतल्या बाटलीचे सांगितले. तिने विचारले, “किती घ्यायचं, ते लिहिलंय का?”

“रोज दोन चमचे.”

“आणि किती दिवस?”

मी चष्मा लावून बाटली चारी बाजूंनी फिरवून पाहिली. पान होते, वेल होती, हसणारे कुटुंबही होते. दिवस नव्हते.

“मग राहू दे तशीच,” अक्का म्हणाली. “भाऊबीजेला येशील तेव्हा थैली रिकामी आण. येताना अनारसे भरून देते.”