बातमी आली, औषध कुठाय?



१६ नोव्हेंबर २०२३ ला ब्रिटननं आणि ८ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेनं सिकलसेलवरच्या एका नव्या उपचाराला मंजुरी दिली. नाव कॅसजेव्ही. माणसाच्या हाडातल्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या बाहेर काढायच्या, क्रिस्पर नावाच्या कात्रीनं त्यांच्या जनुकात एका ठरलेल्या जागी छाट मारायची, जहाल औषधं देऊन उरलेला जुना मगज मोकळा करायचा आणि छाटलेल्या पेशी त्याच माणसात परत सोडायच्या. मग पोटातल्या बाळाच्या रक्तात असतं तसलं हिमोग्लोबिन मोठ्या माणसात पुन्हा बनायला लागतं आणि पेशी वाकड्या व्हायच्या थांबतात. ही कात्री शोधणाऱ्या दोन बाया, एमानुएल शार्पान्तिए आणि जेनिफर डाउडना. २०२० चं नोबेल त्यांना मिळालं.

बातमी खरी आहे. मोठी आहे. अडाण्यासारखी तिची टर उडवायला हे संपादकीय लिहिलेलं नाही. मला लिहायचंय ते बातमी ऐकून लोक काय बोलले त्याबद्दल.

एक शिकलेला, चांगल्या घरातला, मला म्हणाला, ‘बघ, विज्ञानाला जात नसते.’ त्याला मी किंमत विचारली. त्याला माहीत नव्हती. बावीस लाख डॉलर. त्या वेळच्या भावानं अठरा कोटी रुपयांच्या वर. गोदीत आमची चौदा गड्यांची टोळी आहे. रोजचे सातशे, वर्षाला तीनशे पाळ्या, चाळीस वर्षं. जेवणाच्या सुट्टीत बिडीच्या पाकिटावर हिशोब मांडला. पावणेबारा कोटी होतात. म्हणजे चौदा माणसांनी जन्मभर न खाता न पिता गोण्या उचलल्या तरी एका पोरीचा उपचार होत नाही, वर सहा कोटी अंगावर राहतात. विज्ञानाला जात नसेल. त्याच्या गोदामाला आहे, कुलपाला आहे.

गोदीत काम करणाऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. जहाज धक्क्याला लागलं म्हणजे माल घरी पोचला, असं होत नाही. मधे शेड असते, कस्टम असतं, दलाल असतो, गेटपास असतो. जहाज लागलं की टाळ्या वाजवणारा माणूस गोदीत मी अजून पाहिलेला नाही. पण औषधाची बातमी आली की अख्खा देश धक्क्यावर उभा राहून टाळ्या पिटतो आणि जेवायला घरी जातो. २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या त्याही अशाच. ज्यांच्या नावानं वाजल्या त्यात हॉस्पिटलचा घाण कपडा उचलणारे आपलेच होते. थाळीचा आवाज विरला आणि ठेकेदाराची हजेरी होती तशीच राहिली.

आमच्या टोळीत भंडाऱ्याकडचा एक गडी आहे, आपलाच, बौद्ध. त्याच्या धाकट्या बहिणीला हा आजार. मी त्याला बातमी वाचून दाखवली. तो हसला नाही, रडला नाही. एवढंच म्हणाला, ‘कोणत्या खिडकीवर मिळते?’

या सगळ्या गोंगाटात मला हाच एक शास्त्रीय प्रश्न ऐकू आला. त्या पोरीला दुखायला लागलं की हाडं करवतीनं कापल्यासारखी ओरडते. एका हॉस्पिटलात तिला सांगितलं, नाटक करते, इंजेक्शनची चटक लागलीय. सिकलसेलचं दुखणं बाहेरून दिसत नाही. पुष्कळदा सूज नाही, जखम नाही. वाकडी झालेली पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि पुढचं मांस श्वासाला तरसतं. पेशीचा आकार विळ्यासारखा म्हणून हे नाव. (विळा म्हटलं की आपल्या लाल भाईंचे डोळे चमकतात. हा विळा वेगळा, तो मालकाची मान सोडून आमचीच नस कापतो.) आणि वेदना कुणाची खरी मानायची हे डॉक्टर रक्त बघून ठरवत नाही. आडनाव, कपडे आणि बोलणं बघून ठरवतो.

आता आपल्या घरातलं बोलू. विदर्भात हा आजार आदिवासींत आहे तसा आपल्यातही आहे. १९५० च्या दशकापासून डॉक्टरांच्या कागदात त्याची नोंद आहे. ते वाचून आपल्यातलेच काही कुजबुजतात, ‘जातीचा रोग आहे, बाहेर बोलू नका.’ का बोलू नये? ही जनुक आली मलेरियानं. जिथं पिढ्यानपिढ्या डास आणि हिवताप, तिथं ज्यांना आई किंवा बाप एकाकडूनच ही जनुक मिळाली ती पोरं तापातून तगली. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसननं आफ्रिकेत हे दाखवून दिलं. अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे. म्हणजे हे रक्त नासकं नाही. मरायच्या जागी राहून जे जगले त्यांची ही खूण आहे. त्यांनी ती जागा हौसेनं निवडली नव्हती एवढंच.

आईबाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की पोर आजारी निघेल. म्हणून सल्ला देतात, कार्ड बघून लग्न करा. ठीक आहे. पण व्यवहारात होतं असं की कार्डवर ‘वाहक’ शब्द दिसला की पोरीचं स्थळ मोडतं, पोराचं कार्ड कुणी मागतच नाही. पत्रिका आपण जाळल्या आणि नवी पत्रिका सरकारी शिक्क्यासकट घरात आली. जातीतल्या जातीत लग्न म्हणजेच जात, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात मांडलं. वाहक वाहकालाच भेटत राहतो त्याचं एक कारण हेच कुंपण आहे. जातीबाहेर लग्न केलं म्हणून आजार पळून जातो असं नव्हे, पण दोन वाहक एका घरात यायची शक्यता उतरते. एवढं सोपं गणित सल्ला देणाऱ्या एकाच्याही तोंडून मी ऐकलं नाही.

दुसरी एक प्रतिक्रिया आपल्या क्रांतिकारक दोस्तांची. ते म्हणतात, ‘सगळा कंपन्यांचा डाव आहे, सोड.’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. सोडायचं कुणाला? सावित्रीबाईंना आठवा. प्लेग १८९६ मध्ये मुंबईत, आमच्या गोदीला खेटून असलेल्या मांडवीत दिसला. हाफकिननं मुंबईतच लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, सावित्रीबाई प्लेगनं गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घालून त्यांनी यशवंतच्या दवाखान्यात नेलं होतं. लस मुंबईत होती, मुंढवा पुण्याजवळ. तेवढ्या अंतरात जे राहून गेलं त्यावर बोला. लसच खोटी म्हणणं ही भरल्या पोटाची चैन आहे.

चांगल्या बातमीला उत्तर कसं द्यावं हे आपल्या नावाच्या धन्यांनी दाखवलं आहे. सिकलसेलचं पहिलं वर्णन शिकागोच्या जेम्स हेरिकनं १९१० मध्ये छापलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंगनं दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. साऱ्या जगात वाहवा झाली. पण काळ्या वस्तीत तपासणी नाही, दवा नाही, नावसुद्धा माहीत नाही. १९७१ मध्ये ब्लॅक पँथर पक्षानं हा प्रश्न हातात घेतला. बंदुकीचे फोटो सगळ्यांना आठवतात, सुईचे कुणाला आठवत नाहीत. पोरापोरींनी दारोदार, बागेत, सभेच्या ठिकाणी बोटाला सुई टोचून तपासणी केली. स्वतःचे फुकट दवाखाने चालवले, पेपरात लिहिलं की हा आजार काळ्यांचा आहे म्हणूनच सरकार झोपलंय. १६ मे १९७२ ला निक्सनला सिकलसेलच्या कायद्यावर सही करावी लागली. तेच १९७२ साल, मुंबईत दलित पँथर जन्मली ते. आपण त्यांचं नाव घेतलं, आवाज घेतला. ती सुई अजून टेबलावर पडलेली आहे.

सुईलाही दोन टोकं असतात म्हणा. अमेरिकेत तपासणी सरकारच्या हातात गेली आणि काही राज्यांनी ती काळ्यांवर सक्तीची केली. निव्वळ वाहक, म्हणजे धडधाकट माणसं, त्यांना नोकरी नाकारली, विमा नाकारला. त्यांच्या हवाई दलाच्या अकादमीची दारं वाहकांना १९८१ पर्यंत बंद होती. औषध नाही, हक्क नाही, नुसतं रक्त तपासलं की हातात उरते ती यादी. आणि याद्यांचं काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको.

म्हणून आपल्याकडची बातमी नीट वाचा. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. सात कोटी लोक तपासायचे, २०४७ पर्यंत आजार संपवायचा. भर आदिवासी भागावर. तो हवाच, पण विदर्भातली बौद्ध वस्ती त्या नकाशात कुठं बसते? नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीतून घोषणा झाली की क्रिस्परचाच आपला देशी उपचार तयार होतोय, नाव ‘बिरसा १०१’. देशी निघाला, स्वस्त निघाला तर मी स्वतः पेढे वाटीन. पण बिरसाचं नाव बाटलीला देणं सोपं असतं. ती बाटली बिरसाच्या माणसाच्या हातात गेली का, एवढंच मला बघायचंय.

आणि तोवर? तोवर हायड्रोक्सीयुरिया नावाची साधी कॅप्सूल आहे. अमेरिकेनं ती मोठ्या माणसांच्या सिकलसेलसाठी १९९८ मध्येच मंजूर केली. दुखण्याचे झटके कमी करते. अठरा कोटींची नाही, गरिबाला झेपेल अशी आहे. तिची बातमी होत नाही, तिच्यासाठी टाळ्या नाहीत. आमच्या गड्याच्या बहिणीला गावाकडच्या सरकारी दवाखान्यातून तीन वेळा रिकाम्या हातानं परत पाठवलं. ‘स्टॉक नाही.’ तीन चकरा, तीन रोजगार बुडाले. शिवाय २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलचं नाव आहे, पण त्याच कायद्यातलं नोकरीतलं चार टक्के आरक्षण त्यांना लागू नाही. अपंग म्हणून मोजतात, कामावर घेताना विसरतात.

यातून काही माणसं उठलीही. नागपूरच्या संपत रामटेके यांनी स्वतःच्या घरात हा आजार बघितला आणि सिकलसेलच्या रुग्णांची संघटना बांधली. आयुष्यभर सरकारचे उंबरे झिजवले. २०१८ च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव होतं. मुंबईतल्या आपल्या किती पोरांनी ते नाव ऐकलंय? हात वर करू नका, मोजायला मी तिथं नाही.

तेव्हा काम सांगतो. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया इथल्या मित्रांनी आणि तिकडून मुंबईत आलेल्यांनी आम्हाला लिहा. कविता नंतर पाठवा. कुठल्या आरोग्य केंद्रात कॅप्सूल मागितली, कुठल्या तारखेला मागितली, काय उत्तर मिळालं, हे लिहा. रुग्णाचं नाव लिहू नका, त्या पोरींना लग्नं करायची आहेत. केंद्राचं नाव आणि तारीख मात्र हवीच. पुढच्या अंकातली चार पानं त्यासाठी कोरी ठेवतोय. भरली की छापील अंक घेऊन आरोग्य खात्याच्या दारात जाऊ. पाळी सोडून मी येईन. टोळीतला तो गडी येणार म्हणालाय.

जय भीम.