हेल कुणाला नाही?

‘या लोकांना मराठी कळत नाही,’ हे वाक्य प्रथम बोलणारा गृहस्थ नक्कीच आमच्या धंद्यातला, काउंटरच्या आतल्या बाजूला बसणारा असला पाहिजे. जामसरहून रोज बुडवून आलेल्या वारली आजीला आम्ही एका दमात सांगतो, ‘अंगठाद्याउद्याया!’ आता तिने अंगठा आज देऊन उद्या यायचं, की अंगठाच उद्या द्यायचा? अर्थ शब्दांत नाही, मधल्या दमात आहे. आणि दम तर आम्ही तिलाच भरलेला असतो! कळलं नाही, की ओरडतो. ओरडून गुंता सुटत नाही, मोठ्याने ऐकू येतो, इतकंच.

अहो, शब्दाशब्दांत फटी असतात त्या छापखान्यात. बोलण्यात नसतात. शब्द कुठे संपला, कुठे लागला, हे कान बरंचसं हेलावरून ताडतो. 1988 साली पॅरिसच्या संशोधकांनी चार दिवसांच्या बाळांना शब्द गाळून नुसता हेल ऐकवला. तरी त्यांनी फ्रेंच आणि रशियन यांतला फरक ओळखला. बारशाच्याही आधी! त्याच वर्षी अ‍ॅन कटलर आणि डेनिस नॉरिस यांनी दाखवलं, की अक्षरावर जोर आला की इंग्रजी कान नवा शब्द सुरू झाला असं धरतो. आपल्या मराठी कानाला ही सवय नाही. म्हणून इंग्रजीत ताळेबंद मांडणारे आम्ही बी.कॉम. लोक इंग्रजी सिनेमात खालच्या ओळी वाचत बसतो. शब्द सगळे ओळखीचे, पण गर्दीत भेट होत नाही!

तेव्हा आम्ही म्हणतो, ‘गोरे फार भरभर बोलतात.’ दोष गोऱ्याचा. इथे आजीला कळलं नाही, तर दोष आजीचा. दोन्हीकडे नावे टाकायची ती दुसऱ्याच्याच खात्यावर? हा कुठला हिशेब?

तिची घरची बोली वारली. आमची छापील मराठी तिला दुसरी भाषा. तरी ती बिचारी आमचे शब्द शिकून येते. आणि वर आम्हीच म्हणतो, ‘हे लोक हेल काढून बोलतात.’ हेल पुणेकरालाही असतो. त्याला शुद्ध मराठी म्हणायची पद्धत आहे, एवढंच.

एक फॉर्म तीन प्रतींत मागणाऱ्यांनी एक वाक्य दोन श्वासांत सांगायला काय हरकत आहे? न कळलेल्या वाक्यापायी आजीची आणखी एक खेप होते. त्या खेपेच्या भाड्याचं आणि बुडालेल्या रोजाचं व्हाउचर कुठल्याच बँकेत फाडत नाहीत.