चिठ्ठी घडी घालून आणू नका

पुण्यात, अप्परच्या डेपोकडं चढणाऱ्या रस्त्याला माझं मेडिकल आहे. चोवीस वर्षं काउंटरमागं उभा आहे. या धंद्यात एक गंमत पाहिली. बिबवेवाडीची माणसं मानसोपचाराच्या गोळ्या आणायला कोथरूडला जातात आणि कोथरूडची माझ्याकडं येतात. आपल्या भागात कुणी बघायला नको, म्हणून दोघांचंही पेट्रोल जळतं.

मधुमेहाची चिठ्ठी माणूस काउंटरवर पसरतो आणि वर सांगतो, ‘या खेपेला साखर दोनशे दहा आली बघा.’ मागच्यानं ऐकलं तरी त्याचं काही अडत नाही. मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी मात्र चार घड्या घालून पाकिटातून निघते. दुकान रिकामं होईपर्यंत माणूस शाम्पूच्या बाटल्या वाचत उभा राहतो. मग हळूच म्हणतो, ‘काका, पिशवी काळी द्या.’ मी काळी पिशवी देतो. पण आज त्या घडी घातलेल्या चिठ्ठीविषयी चार गोष्टी मोकळेपणानं सांगायच्या आहेत.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नाही. ते तुमचं नाही, तुमच्या मेव्हण्याचं नाही आणि मोबाइलचंही नाही. पण तज्ज्ञांपर्यंत पोचायच्या आधी माणसं किती वर्षं कुठं कुठं फिरतात, ते मला माझ्या जागेवरून दिसतं. आधी ॲसिडिटीची गोळी, मग ताकदीचं टॉनिक, मग कॅल्शियम, मग झोपेची गोळी ‘नुसती आजच्या रात्रीपुरती’. त्याच माणसाच्या हातात तज्ज्ञांची चिठ्ठी दिसते तेव्हा पोरगं पाचवीतून दहावीत गेलेलं असतं.

याला एक कारण आपल्या बोलण्यात आहे. ‘मला उदास वाटतं’ असं म्हणणारं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटलं. मावशी म्हणतात, ‘अंग ठणकतं, डोक्याला मुंग्या येतात, अन्नावर वासना नाही.’ मार्केट यार्डात पोती वाहणारा गडी म्हणतो, ‘छातीत धडधडतं, हातापायातलं वारं जातं.’ कुणी म्हणतं, कशात राम वाटत नाही. कुणी खोटं बोलत नसतं. मनाचं दुखणं अंगावाटे बाहेर पडतं आणि आपण अंगालाच औषध लावत बसतो. त्या धडधडणाऱ्या गड्याचा ईसीजी तीन वेळा काढला, तिन्ही वेळा नॉर्मल आला. घरचे म्हणाले, बघ, तुला काही झालेलं नाही. खरं तर त्याला झालेलं होतं. भीतीचा झटका काही मिनिटांत कळसाला जातो. घाम फुटतो, श्वास पुरत नाही, आता मरतो असं वाटतं आणि अर्ध्या तासात सगळं ओसरतं. पहिल्यांदा छातीत दुखलं तर हृदय तपासायलाच हवं, त्यात हयगय नको. पण हृदय ठणठणीत निघालं की पुढची पायरी ‘काही झालं नाही’ ही नसते.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मोठी पाहणी केली. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. दर शंभर प्रौढांमागं दहा-अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. आपल्याकडचं चित्र फार वेगळं असेल असं माझा काउंटर तरी सांगत नाही.

आता तज्ज्ञांकडं गेल्यावर नक्की काय होतं ते सांगतो, कारण निम्मी भीती तिथलीच आहे. खुर्चीला बांधत नाहीत, शॉक देत नाहीत. विचारतात. झोप कशी आहे, भूक कशी आहे, सकाळी जास्त जड वाटतं की संध्याकाळी, कामात चुका होतात का, जगू नये असं मनात येतं का. हे किती दिवसांपासून आहे यावर त्यांचा फार भर असतो आणि तो बरोबरच आहे. घरात कुणी गेलं म्हणून आठ दिवस रडू आलं, तर त्याला आजार म्हणत नाहीत. पण दोन आठवडे किंवा अधिक, जवळजवळ रोज आणि दिवसातला बराच वेळ मन खचलेलं असेल किंवा कशातच रस उरला नसेल, जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडलेली असेल आणि रोजचं काम अडत असेल, तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात.

‘रक्त तपासून कळत नाही का?’ असं पुष्कळ जण विचारतात. नाही कळत. नैराश्य दाखवणारी रक्ताची तपासणी अजून तरी नाही. तरीही डॉक्टर रक्त तपासायला सांगतात तेव्हा लॅबशी त्यांचं साटंलोटं आहे असं लगेच धरून चालू नका. थायरॉइड मंदावलं, बी-१२ किंवा हिमोग्लोबिन उतरलं, तरी माणूस असाच मलूल होतो. ते आधी बाजूला काढावं लागतं.

इथं घरच्यांचं काम फार मोठं आहे. डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात: पूर्वी कधी याच्या उलट झालं होतं का? दोन-दोन रात्री झोप नाही तरी थकवा नाही, तोंडाचा पट्टा सुरू, खिशात नसलेले पैसे उधळले, उद्या कंपनी काढतो म्हणून नोकरीचा राजीनामा दिला? रुग्ण म्हणतो, तेव्हा तर मी मजेत होतो. बायको किंवा भाऊ मात्र खरं सांगतो. हे सांगणं राहिलं तर द्विध्रुवी आजाराला साधं नैराश्य समजून औषध दिलं जाऊ शकतं आणि नुसत्या नैराश्याच्या गोळीनं असा माणूस उन्मादाच्या टोकाला जाऊ शकतो. म्हणून पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर लिहून न्या: कधीपासून, काय काय, पूर्वी असं झालं होतं का, घरात आणखी कुणाला होतं, दारू-तंबाखू किती, सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत. रिकाम्या स्ट्रिपा पिशवीत घालून नेल्या तरी चालेल. नावं पाठ करायची गरज नाही.

आणि निदान नंतर बदललं तर डॉक्टरला शिव्या देऊ नका. ताप आल्याच्या पहिल्या दिवशी टायफॉइड की डेंग्यू ते कळत नाही, तसंच हे आहे. विशीतला मुलगा कॉलेज सोडून खोलीत बसतो, पंख्यातून कुणी बोलतं म्हणतो, शेजारी आपल्यावर नजर ठेवतात म्हणतो. त्याला पहिल्याच दिवशी स्किझोफ्रेनिया असा शिक्का जबाबदार डॉक्टर मारत नाही. व्यसनामुळं आहे का, मेंदूचं काही आहे का, किती टिकतं, हे बघावं लागतं. उपचार मात्र तोवर थांबत नाहीत. तुम्हीही नावासाठी अडून बसू नका.

आणखी एक गोंधळ नेहमीचा. मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएस होऊन पुढं शिकलेला असतो, गोळी तो लिहितो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो आणि बोलून, सराव करून घेऊन उपचार करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते, ती विचारायला लाजू नका. आठवड्याभराचं प्रमाणपत्र भिंतीला टांगून ‘माइंड पॉवर’ शिकवणारे तिसरेच. पुन्हा पुन्हा हात धुणाऱ्या, कुलूप दहा वेळा ओढून बघणाऱ्या माणसाला गोळी आणि सराव दोन्ही लागू शकतात. ‘गोळी वाईट, समुपदेशन चांगलं’ हा वाद सोसायटीच्या बाकावर ठीक आहे.

आता माझ्या अधिकारातलं सांगतो, गोळ्यांचं. नैराश्याची गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाही. दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. पंचाईत अशी, की मळमळ, अस्वस्थता हे त्रास पहिल्याच आठवड्यात येतात आणि गुण उशिरा येतो. दहाव्या दिवशी माणूस गोळी फेकतो आणि वर सांगत फिरतो, मला मानवली नाही. त्रास झाला तर डॉक्टरांना फोन करा, गोळी मनानं बंद करू नका. दुसरा खड्डा याहून मोठा आहे. तीन महिन्यांत बरं वाटतं आणि माणूस म्हणतो, आता कशाला? बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवायचं असतं, आधी झटके येऊन गेले असतील तर जास्त. थांबवायचं तेही हळूहळू उतरवत. एकदम तोडलं की गरगरतं, डोक्यात विजेचा चटका बसल्यासारखं होतं आणि मग लोक म्हणतात, बघा, सवय लागली.

सवय लागते ती दुसऱ्या गोळीची. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या पटकन शांत करतात, म्हणून लाडक्या होतात. त्या चिठ्ठीशिवाय द्यायला मला बंदी आहे. दिल्यावर रजिस्टरात डॉक्टरांचं, रुग्णाचं नाव लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. ‘ओळखीचे आहात, चार तोडून द्या’ म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणतो, तेव्हा काही जण रागावून खालच्या चौकात जातात. तिथं मिळत असेल तर माझा इलाज नाही.

द्विध्रुवी आजारावर लिथियम घेणाऱ्यांना एक सांगणं, हे घरातल्या सगळ्यांनी वाचा. हे चांगलं औषध आहे, सत्तर वर्षांहून जास्त काळ वापरात आहे. पण रक्तातलं त्याचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेत राहावं लागतं, मूत्रपिंड आणि थायरॉइडही अधूनमधून तपासावं लागतं. गुडघा दुखला म्हणून मनानं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं तर हे प्रमाण वाढतं. जुलाब झाले, उन्हात घाम जाऊन पाणी कमी पडलं तरी वाढतं. हात जोरात थरथरू लागले, जीभ जड झाली, तोल जाऊ लागला, तर वाट न बघता इस्पितळ गाठा. ओलान्झापिनवाल्यांनी वजन आणि साखर बघत राहावी. भूक खवळते ती गोळीनं, त्याला खादाड म्हणू नका.

देवाला जायला कुणाची ना नाही. मी स्वतः दर मंगळवारी जातो. पण अंगातलं भूत काढतो म्हणून मारहाण करणं, साखळीनं बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. त्यांचा खून झाला तो आपल्याच शहरात.

‘येरवड्याला धाडला पाहिजे’ हा आपल्या पुण्याचा जुना विनोद. तो आता पुरे. त्याच येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचटांनी ते उभं केलं. दारूच्या बाटलीमागं पुष्कळदा नैराश्य लपलेलं असतं, हे तिथं जाऊन आलेल्या माझ्या दोन गिऱ्हाइकांनीच मला समजावलं. धायरीकडं स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. तिचे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीलाच हा आजार होता. तिथं रुग्णांबरोबर नातेवाइकांचेही गट बसतात. ज्या आईला वाटतं की हे आपल्याच घरात आलं, तिनं एकदा त्या गटात जाऊन बसावं. खाजगी डॉक्टर परवडत नसेल तर ससूनमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं उपचाराचा हक्क दिला आहे. विमा कंपनीनं शरीराच्या आजारांसारखीच मानसिक आजारांची सोय ठेवली पाहिजे, हेही त्यातच आहे. पॉलिसीचा कागद काढून बघा.

आपल्या बिबवेवाडीत ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं इस्पितळ आहे. ते बाळंतपणाला आणि हाडाला आहे, अशी समजूत. पण ईएसआयच्या ज्या दीर्घ आजारांच्या यादीत क्षयरोग आणि कर्करोग आहेत, तिच्यात स्किझोफ्रेनिया आहे, तीव्र नैराश्य आहे, उन्माद-नैराश्याचा आजारही आहे. सलग दोन वर्षं विमा असलेली नोकरी आणि पुरेशी वर्गणी भरलेली असेल, तर अशा रुग्णाला दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. गेल्या वर्षी एका पॅकिंगवाल्या पोरानं नोकरी सोडली, मग तीन महिन्यांनी मला हे विचारलं. राजीनाम्याआधी विचारायला हवं होतं. तुम्ही आधी विचारा.

घरात कुणी ‘मी नसलो तर बरं होईल’ असं बोलू लागलं तर हसून टाळू नका. जीव द्यायचा विचार येतो का, असं थेट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका. गोळ्यांचा डबा, उंदराचं औषध, फिनाईल तुमच्या कुलपात ठेवा. अशा वेळी महिन्याच्या गोळ्या एकदम नेऊ नका. आठवड्याच्या न्या, मी तोडून देईन, त्याला नियम आड येत नाही. केंद्र सरकारचा टेलिमानस फोन १४४१६ हा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. माझं दुकान रात्री साडेदहाला बंद होतं, तो फोन रात्रभर चालू असतो.