डबा आपला, किल्ली त्यांची

टीव्हीखाली जो काळा डबा पडलेला असतो, तो खरं तर एक पूर्ण कॉम्प्युटर असतो. मग तो केबलवाल्याने बसवलेला सेट-टॉप बॉक्स असो, की ऑनलाइन मागवलेला दोन-अडीच हजारांचा अँड्रॉइड बॉक्स. प्रोसेसर, मेमरी, नेटवर्क, यूएसबी, सगळं आत आहे. आणि बहुतेक डब्यांमध्ये लिनक्स आहे. अँड्रॉइडचा गाभासुद्धा लिनक्सच. हे लिनक्स डबा विकणाऱ्या कंपनीने लिहिलेलं नाही. जगभरातल्या हजारो लोकांनी ते लिहिलं आणि एका अटीवर सगळ्यांना वापरायला दिलं. डबा विकत घेणारा माणूस, म्हणजे तुम्ही, त्या अटीत आहात. कंपन्या लिनक्स घेतात आणि अट गिळून टाकतात.

विकत घेतलेल्या डब्यात आपल्याला हवं ते लिनक्स टाकणं याकडे लोक इंजिनिअर पोरांचा रिकामटेकडा छंद म्हणून बघतात. माझ्या मते तो मालकाचा साधा हक्क आहे. आणि पुण्या-मुंबईपेक्षा तो हिंगोलीसारख्या जिल्ह्याला जास्त लागतो.

अट काय होती

अटीचं नाव जीपीएल. तिची दुसरी आवृत्ती जून १९९१ मध्ये आली आणि १९९२ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स तिच्याखाली आणलं. साध्या भाषेत ती म्हणते: वापरा, वाचा, बदला, वाटा, हवं तर विका. पण यंत्रात घालून विकलंत, तर घेणाऱ्याने मागितल्यावर त्याला सोर्स कोड द्या. आणि नुसता कोड नाही, तो कंपाइल आणि इन्स्टॉल करायला लागणाऱ्या स्क्रिप्टसुद्धा द्या. इन्स्टॉलचा उल्लेख तिथे उगीच नाही. घेणारा माणूस कोड बदलून परत यंत्रात घालेल, हे अट लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं.

पळवाट लवकरच निघाली. १९९९ मध्ये अमेरिकेत टिवो नावाचा टीव्ही रेकॉर्डर बाजारात आला. आत लिनक्स. कंपनीने सोर्स कोड दिलाही. पण यंत्र सुरू होताना आतल्या सॉफ्टवेअरवर कंपनीची डिजिटल सही आहे का ते तपासायचं. तुम्ही एक ओळ जरी बदलली तरी सही जुळायची नाही आणि यंत्र ते सॉफ्टवेअर चालवायचं नाही. कोड हातात, पण उपयोग शून्य. या प्रकाराला ‘टिवोकरण’ असं नावच पडलं. २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली, तिने घरगुती यंत्रांपुरती ही पळवाट बंद केली. लिनक्सचा गाभा मात्र दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. टोरवाल्ड्स यांचं म्हणणं थोडक्यात असं की कोडमधल्या सुधारणा परत मिळाल्या की झालं, हार्डवेअरचं काय करायचं ते हार्डवेअरवाला ठरवेल.

टोरवाल्ड्स यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून मी म्हणतो: ठीक आहे, हार्डवेअर ज्याचं त्याने ठरवावं. पण डबा विकल्यावर ते हार्डवेअर माझं झालं ना? मग ठरवणार मी. (केबलचा डबा कधी भाड्याने असतो, तो हिशोब वेगळा. मी पावती फाडून घेतलेल्या डब्याबद्दल बोलतोय.)

आज टिवोची युक्ती चिपमध्येच आली आहे. चिपच्या आत फ्यूज असतात, कारखान्यात एकदाच जळणारे. त्यांत कंपनीच्या किल्लीची खूण कोरली की ती चिप मरेपर्यंत दुसऱ्या कुणाचंही सॉफ्टवेअर चालवत नाही.

उघडलं तेव्हा काय झालं

यंत्रं उघडली गेली तेव्हा काय झालं, त्याचा इतिहास लांबचा नाही. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं, दबाव आला आणि २००३ मध्ये कोड बाहेर आला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं, जे आज शेकडो प्रकारच्या राउटरवर चालतं. त्याच वर्षी म्युनिकच्या कोर्टाने हाराल्ड वेल्टे या प्रोग्रॅमरच्या बाजूने निकाल देऊन सांगितलं की जीपीएल ही कायद्याने पाळायची गोष्ट आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सीने व्हिझिओ या टीव्ही कंपनीवर कॅलिफोर्नियात खटला भरला. त्यात नवीन मुद्दा असा की संस्था कोडची लेखक म्हणून आलेली नव्हती. टीव्ही विकत घेतलेलं गिऱ्हाईक म्हणून ती सोर्स कोड मागत होती.

आणि मीडिया प्लेअरचंच सांगायचं तर कोडी हे आज जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर जन्मलंच मुळी एका बंद डब्यात. २००२ मध्ये काही लोकांनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेमच्या यंत्रात बदल करून त्यावर सिनेमे-गाणी चालवायचा प्लेअर लिहिला. तो वाढत गेला आणि २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी झालं. ‘तुमचं यंत्र गेमसाठी आहे, गप गेम खेळा’ हे त्यांनी ऐकलं असतं तर कोडी झालं नसतं.

टूथपिकचं काम

डब्यात लिनक्स टाकणं म्हणजे हॅकिंग, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी प्रत्यक्ष काम सांगतो. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त बॉक्समध्ये अ‍ॅमलॉजिक कंपनीची एस९०५ कुटुंबातली चिप असते. तिच्यासाठी कोअरईलेक नावाचं छोटं लिनक्स मिळतं, ज्याचं काम फक्त कोडी चालवणं. जुन्या चिपला जुनी आवृत्ती घ्यावी लागते. ते एसडी कार्डवर लिहायचं, आपल्या बॉक्सला जुळणारी डिव्हाइस ट्री फाइल योग्य नावाने कार्डवर ठेवायची आणि कार्ड बॉक्समध्ये घालायचं. अनेक बॉक्सचं रिसेट बटण एव्ही केबलच्या भोकात आत लपलेलं असतं. टूथपिकने ते दाबून धरायचं आणि वायर लावायची. बॉक्स कार्डवरून सुरू होतो. स्क्रू उघडायचा नाही, सोल्डरिंग नाही. आतलं अँड्रॉइड जसंच्या तसं राहतं. कार्ड काढलं की बॉक्स पूर्वीसारखा.

यानंतर त्या डब्याला इंटरनेट नसलं तरी चालतं. एखादी हार्ड डिस्क लावा, साधा राउटर लावा, घरातल्या किंवा शाळेतल्या सगळ्या मोबाइलवर त्या डिस्कवरचे व्हिडिओ दिसतात.

हिंगोलीचा प्रश्न

२०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करायची लाट आली. गावागावांत लोकवर्गणी झाली. कुणी सोयाबीन विकून पाचशे दिले, कुणी नोकरीला लागलेल्या पोराकडून दोन हजार आणले. टीव्ही आले, प्रोजेक्टर आले, बॉक्स आले. त्यातले किती आज चालतात ते तुमच्या गावच्या शाळेत जाऊन बघा.

आणि बंद पडलेले बरेचसे डबे बिघडलेले नसतात. कंपनीने अपडेट थांबवलेले असतात. अ‍ॅप नवीन अँड्रॉइड मागतं आणि नवीन अँड्रॉइड त्या बॉक्सला मिळत नाही. कधी सुरक्षित साइट ओळखायची आतली प्रमाणपत्रांची यादी शिळी होते. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक जुनं मूळ प्रमाणपत्र मुदत संपून गेलं आणि जगभरच्या कितीतरी जुन्या यंत्रांवर साइट उघडेनाशा झाल्या. त्या यंत्रांतला एक कंडेन्सरसुद्धा गेला नव्हता.

गेल्या दिवाळीत सेनगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी असे दोन बॉक्स बघितले. गुरुजींनी ते कपाटावर कापडात गुंडाळून ठेवले होते. वर्गणीची वस्तू, टाकायची कशी? पहिल्या बॉक्सला काही शे रुपयांचं कार्ड लागलं आणि एक दुपार. दीक्षा अ‍ॅपवरून उतरवलेले धडे आणि बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ एका जुन्या हार्ड डिस्कवर भरल्या. नेट नसलं तरी वर्ग चालतो. दुसरा बॉक्स दुसऱ्या कंपनीचा, जास्त महाग आणि जास्त चांगल्या चिपचा. त्याला कुलूप होतं. तो आजही कपाटावर आहे.

मला संताप येतो तो या दुसऱ्या बॉक्सचा. गावाने पूर्ण पैसे दिले. आत फुकट मिळालेलं लिनक्स. कंपनीचा पाठिंबा संपला. आता त्या कुलपाने कुणाचं कसलं रक्षण होतंय?

याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २६०० कोटींची मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी शोधायचं लायगोचं एक मुख्य सॉफ्टवेअर, लालसूट, जीपीएलखालीच आहे. अमेरिकेतल्या वेधशाळांनी टिपलेली माहितीसुद्धा कुणालाही उतरवून घेता येते. ब्लॅक होलच्या टकरीचा कोड औंढ्याच्या पोराला मोबाइलवर वाचता येतो, बदलता येतो. त्याच्या शाळेतल्या दोन हजारांच्या डब्याचा मात्र येत नाही.

‘पण’वाले

पहिला पण: सामान्य माणूस कशाला करतोय हे सगळं? बरोबर, नाही करणार. सामान्य शेतकरी मोटारही स्वतः रिवाइंड करत नाही. पण हिंगोलीपासून वसमतपर्यंत प्रत्येक बाजारात रिवाइंडिंगचं दुकान आहे, कारण मोटार उघडते. हळद शिजवायचा कुकर शेतकऱ्याच्या सांगण्यावरून वेल्डिंगवाला हवा तसा बदलून देतो, कारण लोखंड कंपनीची सही तपासत नाही. हक्क सगळ्यांना असावा लागतो, कारागीर तालुक्याला चार पुरतात. बस स्टँडसमोरचा मोबाइल दुरुस्तीवाला पोरगा हे काम एका आठवड्यात शिकेल. कुलूप त्याचा धंदा उभाच राहू देत नाही.

दुसरा पण: सुरक्षिततेचं काय? कंपनीचा डबा सुरक्षित असतो हे कुणी सांगितलं? जानेवारी २०२३ मध्ये टी९५ नावाच्या अँड्रॉइड बॉक्समध्ये मालवेअर सापडलं. ते गिऱ्हाइकाने घातलेलं नव्हतं, बॉक्स खोक्यातूनच तसा आला होता. पुढे हे प्रकरण ‘बॅडबॉक्स’ नावाने गाजलं आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशा घरगुती यंत्रांबद्दल लोकांना सावध केलं. अशा डब्यावर खात्रीचा उपाय म्हणजे आतलं सॉफ्टवेअर पुसून माहितीतलं सॉफ्टवेअर घालणं. सही तपासायला माझा विरोध नाही. माझी सही तपासू दे. किल्ली मालकाकडे असली तरी कुलूप तितकंच मजबूत असतं.

तिसरा पण: पायरसी. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५अ वाचा. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणं हा त्यात गुन्हा आहे. स्वतःच्या डब्यावर बालभारतीचा धडा लावण्यात कुणाचा कॉपीराइट बुडतो? अमेरिकेचा कायदा आपल्यापेक्षा कडक, तरी तिथेसुद्धा २०१५ मध्ये स्मार्ट टीव्हीला आणि २०२१ मध्ये व्हिडिओ बॉक्सला अशी सूट मिळाली. हे खरं की असा बदल केला की पैसे भरून बघायचे काही ओटीटी अ‍ॅप चालत नाहीत किंवा कमी दर्जाचं चित्र दाखवतात. ठीक आहे, सिनेमावाल्याने आपल्या सिनेमाला कुलूप लावावं. माझ्या कपाटाला लावू नये.

मागायचं काय

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ यासाठी समिती नेमली. शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि गाड्या ही तिची पहिली चार क्षेत्रं. पोर्टलही झालं. पण तिथली चर्चा सुट्या भागांची आणि मॅन्युअलची आहे. बूटलोडरची किल्ली हासुद्धा सुटा भाग आहे, आणि ती मिळत नाही तोवर बाकीचे भाग मिळून शाळेतला तो डबा चालू होणार नाही. ट्रायने एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली होती की कुठलाही सेट-टॉप बॉक्स कुठल्याही सेवेला चालला पाहिजे. मोबाइल नंबर आपण २०११ पासून देशभर पोर्ट करतोय, केबलवाला बदलला की डबा मात्र आजही बदलतो.

म्हणून मागण्या दोन. एक, कंपनीने अपडेट थांबवले की त्या दिवशी कुलूप उघडायची सोय गिऱ्हाइकाला दिली पाहिजे. पाठिंबा आणि ताबा दोन्ही एकत्र सुटले पाहिजेत. दोन, जिल्हा परिषदेने आणि शिक्षण खात्याने यापुढे सरकारी पैशातून किंवा लोकवर्गणीतून उघडत नाही असा एकही डबा घेऊ नये. टेंडरमध्ये एक ओळ वाढवायची आहे. हे स्वप्नरंजन वाटत असेल तर केरळकडे बघा. तिथल्या सरकारच्या ‘काइट’ संस्थेने शाळांसाठी स्वतःचं लिनक्स तयार करून हजारो शाळांत चालवलं आहे.

तोवर आपण काय करायचं? तुमच्या टीव्हीच्या किंवा बॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘ओपन सोर्स लायसन्स’ असं एक पान असतं, जे कुणीच उघडत नाही. ते उघडा. तिथे बहुतेक वेळा लिनक्सचं आणि जीपीएलचं नाव सापडेल. मग कंपनीला एक ईमेल लिहा: हे मॉडेल मी विकत घेतलंय, त्यातल्या जीपीएल सॉफ्टवेअरचा सोर्स कोड आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्ट पाठवा. दोन ओळी पुरतात, आणि मराठीत लिहिलं तरी हरकत नाही. उत्तर येणार नाही कदाचित. पण मागणी न आलेला हक्क कंपनीच्या हिशोबात नसतोच. वर्षाला एका मॉडेलसाठी दोन ईमेल येतात तेव्हा ते कचऱ्यात जातात. दोन हजार आले की कुणाला तरी मीटिंग बोलवावी लागते.