मुक्या कागदाची हाक

मित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं. गिटार कानाला ऐकू येते. ड्रम तर छातीतच धडधडतो. पण मासिक? ते बिचारं मुकं! मग रॉक संगीताचं मासिक स्टॉलवर लटकत असताना येणाऱ्याजाणाऱ्याला हाक कशी मारत असेल?

बरोबर! मुखपृष्ठानं. तेव्हा आज आपण मुखपृष्ठाच्या कारखान्यात शिरू या. आणि हो, नुसतं वाचून सुटका नाही. शेवटी तुम्हालाही हात काळे करायचे आहेत!

आधी थोडं रॉकविषयी. इलेक्ट्रिक गिटार, बेस गिटार, ड्रम आणि मोकळ्या गळ्यानं गाणारा एखादा गडी, असा हा संसार. आपल्या मुंबईत 1984 साली 'रॉक मशीन' नावाचा बँड निघाला. पुढे त्याचं नाव 'इंडस क्रीड' झालं. 1986 पासून 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा मेळावा भरू लागला. पण या मुलांच्या गाण्यांची बातमी बाकीच्यांना कळणार कशी? तेव्हा इंटरनेट नव्हतं. मग 1993 साली अमित सैगल आणि शेना या जोडप्यानं 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक काढलं. गंमत बघा, ते मुंबईतून निघालं नाही, दिल्लीतूनही नाही. ते निघालं अलाहाबादेतून, म्हणजे आजच्या प्रयागराजमधून! पुढे 2008 साली अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन' मासिकाची भारतीय आवृत्ती मुंबईतून सुरू झाली.

आता मुखपृष्ठाची पहिली परीक्षा. ती कुठे होते ठाऊक आहे? चित्रकाराच्या टेबलावर नाही, स्टॉलवर!

कोपरीतली मंडळी सकाळी ठाणे स्टेशनात कशी शिरतात ते आठवा. खांद्याला बॅग, एक डोळा घड्याळावर, दुसरा इंडिकेटरवर. असा माणूस मासिकाकडे किती वेळ बघणार? दोन सेकंद, फार तर तीन. त्यातून स्टॉलवाले काका अंक एकावर एक असे सरकवून ठेवतात, की खालच्या अंकाची नुसती वरची पट्टी दिसते. म्हणूनच मासिकाचं नाव बहुतेक वेळा वरच्या बाजूला असतं. ही काही नुसती रीत नव्हे, स्टॉलनं शिकवलेली अक्कल आहे ती!

आज स्टेशनांवर मासिकं कमी आणि वेफर्स जास्त दिसतात, हे खरं. पण नियम बदललेला नाही. मोबाइलच्या पडद्यावर तेच मुखपृष्ठ नखाएवढं होऊन येतं. लांबून दिसणारं आणि लहान होऊन दिसणारं, दोन्हीची परीक्षा एकच.

आता नावाच्या अक्षरांकडे वळू. लंडनमध्ये जून 1981 मध्ये 'केरँग' नावाचं रॉकचं नियतकालिक निघालं. केरँग म्हणजे काय? तर काहीच नाही! इलेक्ट्रिक गिटारच्या तारांवर जोरात हात मारला की जो आवाज येतो, तेच नाव. आणि अक्षरं कशी काढली होती? तडे गेलेल्या काचेसारखी. म्हणजे वाचण्याआधीच डोळ्यांना 'खळ्ळ्' ऐकू येतं!

आपल्या मराठीत असे शब्द थोडे का आहेत? झणझण, खणखण, धडाडधूम, दणदणाट! मराठी रॉक मासिकाला नावाची टंचाई पडायची नाही. शिवाय देवनागरीला एक देणगी आहे, शिरोरेषा. ती ताणलेल्या तारेसारखी काढून बघा. मधेच थरथरवून बघा. अक्षरं गिटारला टांगल्यासारखी दिसतील.

अर्थाला साजेसं अक्षर काढण्यात आपल्याकडे कमल शेडगे मोठे उस्ताद होते. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कितीतरी शीर्षकं त्यांच्या हातची. 2020 साली ते गेले. त्यांची अक्षरं पाहिली, की नाटक हसवणारं आहे की गंभीर, याचा अंदाज नाव वाचतानाच येई. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. सजावट कितीही करा, नाव वाचता आलं पाहिजे. 'रॉक'चा 'राक' झाला तर तुमची कला फुकट!

आणखी एक खुबी. इंग्रजी मोठी अक्षरं पानाच्या अगदी वरच्या कडेपर्यंत नेता येतात. आपल्याला मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, चंद्र यांना जागा द्यावी लागते, आणि खाली उकाराला. छापखान्यात अंक शिवून झाला की कडा कापतात. जागा सोडली नसेल तर चंद्र गेलाच पात्यात! म्हणून कडेला लागणारं चित्र तीनेक मिलिमीटर जास्त काढायचं, आणि अक्षरं कडेपासून आत ठेवायची.

रंगांचंही तसंच. रंगीत छपाई साधारणपणे चार शाईंत होते. आकाशी निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. कागदावर या शाया एकीवर एक चढतात. त्यातली एक केसभर सरकली, की काळ्या पार्श्वभूमीवरची बारीक पांढरी अक्षरं बुजून जातात. रॉकवाल्यांना काळा रंग भारी आवडतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. काळ्यावर अक्षर काढायचं तर ठसठशीत काढा.

आता मुख्य चित्र. त्याआधी कोपरीतल्या एखाद्या चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स डोळ्यांपुढे आणा. मधे एक मोठा चेहरा, खाली तीस छोटे चेहरे, त्याखाली तीस नावं. यातला कोणता चेहरा तुम्हाला आठवतो? एकही नाही ना? तिसांना खूश करायला गेलं, की बघणारा एकालाही बघत नाही.

याच्या उलट उदाहरण 'रोलिंग स्टोन'चं. जान वेनर या 21 वर्षांच्या तरुणानं साडेसात हजार डॉलर उसने घेऊन हे नियतकालिक सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलं. पहिल्या अंकावर तारीख होती 9 नोव्हेंबर 1967, आणि फोटो बीटल्समधल्या जॉन लेननचा, एका चित्रपटातल्या सैनिकाच्या वेशातला. 8 डिसेंबर 1980 ला लेननचा खून झाला. त्याच दिवशी ॲनी लीबोविट्झ या छायाचित्रकर्तीनं त्याचे आणि त्याच्या पत्नीचे, योको ओनोचे फोटो काढले होते. त्यातला एक जानेवारी 1981 मधल्या अंकावर छापला. त्यावर मथळा काय दिला असेल? काहीच नाही! वर मासिकाचं नाव आणि खाली फोटो, बस. 2005 साली अमेरिकेतल्या मासिकांच्या संपादकांच्या संस्थेनं आधीच्या 40 वर्षांतलं सर्वांत उत्तम मुखपृष्ठ म्हणून तेच निवडलं. कधी गप्प बसायचं हे ज्याला कळतं, त्याची हाक लांब जाते.

आपल्याकडे दिवाळी अंकांच्या काळात दीनानाथ दलालांनी हेच दाखवलं. 1945 साली त्यांनी 'दीपावली' सुरू केला. लोक त्यांच्या मुखपृष्ठांची वाट बघत. पण नुसतं चित्र देखणं असून अंक वर्षानुवर्षं चालत नाही. आतला मजकूरही तसा लागतो.

आणि इथेच खरा प्रश्न येतो, बरं का. समजा तुमच्या सोसायटीतल्या चार मुलांनी बँड काढलाय आणि तुम्ही त्यावर हस्तलिखित काढताय. मुलं कुणाच्या ओळखीची नाहीत. एखादा मित्र म्हणतो, "मुखपृष्ठावर एखाद्या जगप्रसिद्ध गायकाचा फोटो चिकटव रे, सगळे उचलून बघतील!" बघतीलही. पण आत त्या गायकाविषयी दोनच ओळी असल्या तर? पुढच्या वेळी तुमचा अंक कुणी हातात धरणार नाही. मुखपृष्ठ म्हणजे वाचकाला दिलेला शब्द. तो आतल्या पानांनी पाळायचा असतो. त्यापेक्षा त्या चौघांतल्या एकीचा, तारांवर बोटं दाबून दाबून घट्टे पडलेला हात काढा. तो तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्याच मुखपृष्ठावर नसेल!

आईबाबांसाठीही एक शब्द. मुलानं रॉकच्या मुखपृष्ठावर कवटी नाहीतर विजांचा कडकडाट काढला, तर लगेच दचकू नका. "हे का काढलंस?" एवढंच विचारा. उत्तर देता देता त्यालाच कळेल, ते गाण्यासाठी काढलंय की नुसतं घाबरवायला.

चला, आता तुमची पाळी. एक कोरा कागद घ्या. वर मासिकाचं नाव, खाली एकच चित्र, आणि फार तर पाच शब्द. मग तो जिन्यातल्या भिंतीला लावा, दहा पावलं मागे जा आणि खाली उतरणाऱ्या कुणालाही थांबवून विचारा, "काका, हे कशाचं मासिक असेल हो?" त्यांनी "गाण्याचं!" म्हटलं तर जिंकलात. "गणपतीची वर्गणी का?" असं विचारलं, तर रबर हातात घ्या आणि काय काय खोडता येईल ते बघा!

बरंय तर, पुढच्या आठवड्यात भेटूच.