घडणावळीचा भाव

व्यापाऱ्याच्या घरी वाढलेल्या मुलास भाव सांगावयास शिकवावे लागत नाही, असा आपला समज आहे. दाल बाजारातील पेढीवर तो खराही ठरतो. परंतु तोच मुलगा आपल्या ग्वाल्हेरच्या माधव इन्स्टिट्यूटमधून वा ट्रिपल आयटीएममधून शिकून बाहेर पडतो, नोकरी न धरता स्वतंत्रपणे सॉफ्टवेअर करून देण्याचा व्यवसाय मांडतो, आणि पहिले गिऱ्हाईक ‘किती घेणार?’ म्हणून विचारते तेव्हा गोंधळून जातो. कारण उघड आहे. धान्याला खरेदीची किंमत असते. तीवर हमाली, भाडे, घट व नफा चढविला की भाव निघतो. याने खरेदी अशी काहीच केलेली नसते. मग मित्र काय घेतो ते पाहून त्याहून थोडे कमी सांगून तो मोकळा होतो.

आमच्या मते अशा तरुणाने सराफ्याकडे पाहावे. दागिन्याच्या बिलात सोन्याचा भाव निराळा आणि घडणावळ निराळी. सॉफ्टवेअरमध्ये सोने नाहीच. सगळी घडणावळच आहे. आणि घडणावळीलाही पडता असतो, फक्त तो मांडून पाहावा लागतो.

समजा, महिना ५०,००० रुपये सुटावेत अशी अपेक्षा आहे. नवखा माणूस २५ दिवस, रोज ८ तास धरून ताशी २५० रुपये काढतो. हा पगारदाराचा हिशेब झाला. वर्षाचे ६ लाख. त्यांत संगणकाची झीज, इंटरनेट, इन्व्हर्टर, हिशेबनिसाची फी असे १ लाख २० हजार मिळवावेत. सणवार, आजारपण व रिकामे आठवडे वजा जाता कामाचे दिवस २४० धरावेत. त्यांतही गिऱ्हाईक शोधणे, बोलणी, वसुली आणि नवे शिकणे यांत निम्मा दिवस जातो व पैसे मिळणारे तास चारच उरतात. ७ लाख २० हजारांस ९६० तासांनी भागले म्हणजे दर येतो ७५० रुपये. तिप्पट! आणि हा नुसता पडता होय; नफा याच्या पुढे.

हा ताशी दर मात्र आपल्या वहीतच असावा. गिऱ्हाइकास संपूर्ण कामाचा एक आकडा सांगावा. एरवी हात जसजसा सराईत होईल, तसतशी त्याच कामाची मिळकत घटत जाईल. एखाद्या दुकानाच्या साठ्याचे व बिलांचे काम ८० तासांचे वाटले, तर फेरफारांसाठी आणखी २० तास धरून निदान ७५,००० सांगावेत. काय देणार, कितीदा बदलून देणार, इसार किती, हे सारे भावपत्रकात लेखी हवे. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी व बहुधा १८ टक्के कर येतो. तो भावात धरला की वेगळा, हेही लिहावे. आकडा जड वाटतो असे गिऱ्हाईक म्हणाले, तर कामाचा एखादा भाग कमी करावा, दर पाडू नये.

आता आपल्याविषयी. या मुलांचे पहिले गिऱ्हाईक पुष्कळदा आपल्यापैकीच कोणी असते. ‘घरचाच मुलगा’ म्हणून भाव निम्म्यावर आणावयाचा, आणि काम हाती आल्यावर ‘एवढेसे तर बदलायचे आहे’ म्हणत महिना काढावयाचा, ही रीत सभासदबंधूंच्या परिचयाची आहे. ठरल्या भावात पोतेभर डाळ अधिक मागणाऱ्यास आपण गादीवरून काय उत्तर देऊ? पैसे देण्यातील दिरंगाईही तशीच. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली नोंदलेल्या लहान सेवा-व्यावसायिकाचे बिल, करारात काही लिहिले तरी, ४५ दिवसांच्या पुढे अडविता येत नाही; लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच भागवावे लागते, आणि उशिरास चक्रवाढ व्याज आहे.

कागद केवळ त्या मुलाच्याच सोयीचा असतो, हेही खरे नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्र व्यावसायिकाने लिहिलेले सॉफ्टवेअर, हक्क लेखी हस्तांतरित केले नसल्यास, सामान्यतः लिहिणाऱ्याच्याच मालकीचे राहते. ‘आपसांत कागद कशाला?’ म्हणणारे काका उद्या तेच काम दुसऱ्याकडून वाढवून घ्यावयास निघाले, की त्यांची अडचण तेथून सुरू होते.